ला फोंतेन, लाफोंतेन, फोंटाने: ही सगळी एकाच घरातली माणसं का?

प्रश्न असा आहे: "मी एका मराठी चरित्रकोशाच्या नोंदी तपासते आहे. कच्च्या यादीत फोंतेन, ला फोंतेन, लाफोंतेन, फोंटाने अशा नावांची डझनभर माणसं आणि पाच-सहा गावं आली आहेत. त्यात कवी आहे, फुटबॉलपटू आहे, जर्मन मंत्री आहे, हॉलिवूडची नटी आहे. ही एकाच घराण्याची पांगापांग आहे का? नोंदी 'ल'त घालू की 'फ'त? अर्थ म्हणून कंसात 'कारंजे' लिहिलं तर चालेल? आणि पणजीच्या फोंतेन्हासचा याच्याशी काही संबंध?"

आधी थोडक्यात सांगते. घराणं एक नाही. नावात 'ला' असेल तर 'ल', नसेल तर 'फ'. 'कारंजे' लिहू नका. गोव्याचा संबंध आहे, पण तो शब्दापुरता, सोयरिकीचा नव्हे. आता सविस्तर. पुण्यात २८ वर्षं फ्रेंच शिकवताना आणि जुन्या कागदांची भाषांतरं करताना या एका आडनावाने मला बरंच दमवलं आहे.

शब्दापासून सुरुवात करू. लॅटिनमध्ये 'फोन्स' म्हणजे झरा. 'आक्वा फोन्ताना' म्हणजे झऱ्याचं पाणी. त्यातला 'पाणी' हा शब्द गळाला आणि जुन्या फ्रेंचमध्ये 'फोंतेन' उरलं. आडनावं रुळत होती त्या काळात, म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास, फोंतेन म्हणजे जमिनीतून फुटणारं पाणी, किंवा त्या पाण्याला दगडी बांध घालून केलेला गावाचा पाणवठा. बागेत उंच उडणारं कारंजं ही राजेरजवाड्यांची चैन, पुढच्या काळातली. आजच्या फ्रेंचमध्ये झऱ्याला 'सूर्स' म्हणतात आणि फोंतेन म्हटलं की लोकांना चौकातलं कारंजंच आठवतं, त्यामुळे फ्रेंच माणसंही या आडनावाचा अर्थ सांगताना गडबडतात. तुम्ही कंसात 'झरा, पाणवठा' असं लिहा. इंग्रजी 'फाउंटन' याच फ्रेंच शब्दावरून आला, म्हणजे हुतात्मा चौकाला अजून 'फाउंटन' म्हणणारे मुंबईकर नकळत याच कुळातला शब्द वापरतात.

आता बघा, झरा नाही असं गाव फ्रान्समध्ये शोधावं लागेल. झऱ्याजवळ ज्याचं घर, तो 'झऱ्याजवळचा'. हे गावोगाव, एकमेकांना न विचारता घडलं. आपल्याकडे टाकळी नावाची गावं किती आहेत ते आठवा. नगरकडच्या टाकळीचा टाकळीकर आणि विदर्भातल्या टाकळीचा टाकळीकर यांची भाऊबंदकी कोणी शोधत नाही. पण आडनाव फ्रेंच असलं की आपल्याला उगाच वाटतं, कुठेतरी एक मूळ पुरुष असणार, एक किल्ला असणार, एक राजचिन्ह असणार.

प्रदेशानुसार रूपं बदलतात. दक्षिणेत फोन, लाफोन, फोंतान, फोंतानेल. उत्तरेत देलाफोंतेन, देफोंतेन. अनेकवचनी देफोंतेनही आहे, उच्चार सारखाच, स्पेलिंग वेगळं. त्या रूपाचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ, रने लुईश देफोंतेन (१७५० ते १८३३), तुमच्या यादीत नसेल तर घालून घ्या. आल्प्सपलीकडे फोन्ताना, पिरेनीजपलीकडे फ्वेन्तेस. व्हॅटिकनसमोरचा इजिप्शियन स्तंभ १५८६ मध्ये उभा करणारा दोमेनिको फोन्ताना हा अर्थाने कवी ला फोंतेनचा नावबंधू, बाकी काही नाही.

आणि एक गैरसमज आताच काढून टाका. 'द' किंवा 'द ला' आलं म्हणजे सरदार घराणं असं नाही. 'द ला फोंतेन' म्हणजे 'झऱ्यावरचा'. आपल्या 'कर' प्रत्ययासारखं. काही 'कर' जहागीरदार होते, बहुतेक नव्हते.

कवी जाँ द ला फोंतेन हा या नावाचा सगळ्यांत मोठा मानकरी, म्हणून त्याच्याकडे जरा थांबते. १६२१ मध्ये शांपेन प्रांतातल्या शातो-तिएरी गावी जन्म, १६९५ मध्ये पॅरिसमध्ये मृत्यू. वडील 'पाणी आणि वनं' या खात्याचे स्थानिक अधिकारी, आणि हाही १६५२ पासून त्याच खात्यात. आडनाव झरे आणि नोकरी पाटबंधारे-वन खात्यात, असा योग. आश्रयदाता फुके १६६१ मध्ये लुई चौदाव्याच्या रोषाला बळी पडून कैदेत गेला आणि कवीचा आधार तुटला. बोधकथांचा पहिला संग्रह १६६८ चा, त्यात ईसापाचा वाटा मोठा. दुसरा १६७८-७९ चा, आणि मराठी नोंदीत हा संग्रह यायलाच हवा, कारण त्याच्या प्रास्ताविकात तो सरळ कबुली देतो की यातला बराचसा मजकूर भारतीय ज्ञानी 'पिल्पे' याचा आहे.

पिल्पे म्हणजे आपलं पंचतंत्र, लांबचा वळसा घालून आलेलं. संस्कृतातून सहाव्या शतकात पहलवी या जुन्या इराणी भाषेत, तिथून आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाच्या हातून अरबीत 'कलीला व दिम्ना' म्हणून, मग फारसीत, आणि १६४४ मध्ये फारसीवरून फ्रेंचमध्ये. काठी दातांत धरून दोन हंसांबरोबर उडणारं आणि बोलायचा मोह न आवरल्याने पडणारं आपलं कासव ला फोंतेनच्या दहाव्या पुस्तकात आहे, फक्त हंसांची बदकं झाली आहेत. उंदरीची मुलगी होते आणि शेवटी उंदीरच वर म्हणून पसंत करते, तीही गोष्ट त्याने घेतली आहे. मराठी वाचकाला या कथा पुन्हा 'इसापनीती' म्हणून भेटतात हा आणखी एक वळसा. बापू छत्र्यांची इसपनीती १८२८ ची, ती इंग्रजीवरून. त्यामुळे आपल्याला 'मुंगी आणि नाकतोडा' माहीत आहे. फ्रेंचमध्ये तो नाकतोडा नाही, उन्हाळ्यात झाडावर बसून कर्कश ओरडणारा सिकाडा आहे. दक्षिण फ्रान्सच्या दुपारी तो आवाज ऐकला की कवितेतल्या 'उन्हाळाभर गात होते' या उत्तराची खरी गंमत कळते.

याच कथा मग उलट दिशेनेही भारतात आल्या. रणजितसिंहांच्या दरबारातल्या फ्रेंच अधिकाऱ्यांमार्फत लाहोरच्या इमाम बख्श या चित्रकाराकडून १८३० च्या दशकाच्या अखेरीस ला फोंतेनच्या कथांवर चित्रं काढून घेतली गेली. त्यात फ्रेंच कोल्हे-लांडगे पंजाबी मुलखात वावरतात. ही चित्रं आज शातो-तिएरीच्या ला फोंतेन संग्रहालयात आहेत. चरित्रकोशातल्या नोंदीत याला दोन ओळी मिळाव्यात असं माझं मत.

आता तुमच्या यादीतले जर्मन. इथे आडनावाचा इतिहास खरोखर घडला आहे, आणि त्यात एक विचित्र योग आहे. फ्रान्समधल्या प्रॉटेस्टंटांना, म्हणजे ह्युगेनोंना, धर्माचरणाची मुभा देणारं नांतचं फर्मान लुई चौदाव्याने ऑक्टोबर १६८५ मध्ये रद्द केलं. रद्द करणाऱ्या हुकूमनाम्यावर सही झाली ती फोंतेनब्लोच्या राजवाड्यात. म्हणजे झऱ्याच्या नावाच्या गावातून हुकूम निघाला आणि झऱ्याच्या नावाची कित्येक माणसं देशोधडीला लागली. त्याच वर्षी ब्रांडेनबुर्गच्या शासकाने पोट्सडामहून जाहीरनामा काढून या निर्वासितांना आपल्या मुलखात जागा दिली. बर्लिनच्या आसपास फ्रेंच आडनावांची वस्ती झाली ती तेव्हापासून.

टेओडोर फोंटाने (१८१९ ते १८९८) हा त्या वंशातला. नॉयरुप्पिनला जन्म, बापासारखाच औषधविक्रेता, मग वार्ताहर, आणि साठीच्या आसपास कादंबरीकार झालेला माणूस. 'एफी ब्रीस्ट' ही त्याची कादंबरी पुस्तकरूपात १८९५ मध्ये आली, तेव्हा तो ७५ वर्षांचा होता. मराठीत 'फोंतेन' लिहू नका, दोनशे वर्षांत ते नाव जर्मन झालं होतं. त्याआधीचा आउगुस्ट लाफोंतेन (१७५८ ते १८३१) हाही ह्युगेनो वंशातला, हाही कादंबरीकार, आणि आपल्या काळात अफाट खपणारा. आज त्याला कोणी वाचत नाही. कोशात मात्र या दोघांची सरमिसळ झालेली मी पाहिली आहे. दोन्ही जर्मन, दोन्ही कादंबरीकार, दोन्ही ह्युगेनो, तेव्हा टंकलेखकाची चूक समजण्यासारखी आहे.

त्याच लाटेतले दुसरे पळाले ते इंग्लंडला. जाक फोंतेन नावाचा प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक १६८५ मध्येच निसटला, इंग्लंडमार्गे आयर्लंडला गेला आणि मुलांसाठी आठवणी लिहून ठेवून १७२८ मध्ये डब्लिनला वारला. त्यात तो सांगतो की घराण्याचं नाव मुळात 'द ला फोंतेन', पण वडिलांनी नम्रतेपोटी 'द ला' काढून टाकलं. हे महत्त्वाचं, कारण एकाच घरात बाप 'ल'त आणि मुलगा 'फ'त जाऊ शकतो. त्याची मुलं व्हर्जिनियात गेली आणि त्या वंशातून पुढे मॅथ्यू फोंटेन मॉरी (१८०६ ते १८७३) आला, ज्याने जहाजांच्या जुन्या रोजनिशा चाळून समुद्रावरच्या वाऱ्यांचे आणि प्रवाहांचे नकाशे केले. झऱ्याच्या नावाचा माणूस समुद्राकडे गेला, असं म्हणण्याचा मोह मला आवरत नाही, तुम्ही मात्र कोशात म्हणू नका.

ऑस्कर लाफोंतेनना मात्र ह्युगेनो करून टाकू नका. १९४३ मध्ये झारलुई गावी जन्मलेला, कॅथलिक वातावरणात वाढलेला हा राजकारणी. झारलुई हे १६८० मध्ये लुई चौदाव्याच्याच हुकमाने वसवलेलं तटबंदीचं शहर, नावातच 'लुई' आहे. त्या पट्ट्यात सीमा इतक्या वेळा सरकल्या की फ्रेंच आडनाव असायला धर्मासाठी पळून यावं लागत नव्हतं. १९८५ ते १९९८ झारलांड राज्याचे मुख्यमंत्री, १९९० मध्ये चॅन्सेलरपदाचे उमेदवार आणि त्याच प्रचारात गळ्यावर चाकूहल्ला झालेले, ऑक्टोबर १९९८ मध्ये अर्थमंत्री आणि मार्च १९९९ मध्ये राजीनामा. जर्मन माणसं हे नाव फ्रेंच वळणानेच उच्चारतात, तेव्हा 'लाफोंतेन' बरोबर.

आता कॅनडा. इथे मी स्वतः तोंडघशी पडले आहे, म्हणून जरा लांबण लावते.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका कुटुंबाचा कुलवृत्तांत निघत होता. त्यांची मुलगी माँत्रिएलमध्ये लग्न करून स्थायिक झालेली. संपादक मंडळाला जावयाचीही चार पिढ्यांची वंशावळ छापायची हौस होती. चर्चच्या दप्तरातल्या जुन्या नोंदींच्या छायाप्रती माझ्याकडे आल्या. एका पणजोबांचं नाव होतं एक साधं आडनाव, मग 'दी', मग लाफोंतेन. मला वाटलं पाद्र्याचं अक्षर खराब, 'द' लिहायचं होतं त्याने. मी 'द लाफोंतेन' केलं. मंडळाला ते भारीच आवडलं आणि जावई थेट कवीच्या घराण्यातला ठरून पुस्तक छापलं गेलं. पुढे जावयानेच हसत हसत मला समजावलं.

ते 'दी' म्हणजे 'म्हटला जाणारा'. आपलं 'ऊर्फ'. सतराव्या शतकात फ्रेंच सैन्यात शिपायाला टोपणनाव असे. १६६५ मध्ये कारिन्यां-सालिएर नावाची बाराशेच्या आसपास शिपायांची पलटण कॅनडात उतरली, आणि मोहीम संपल्यावर त्यातले काही शे तिथेच शेती करून राहिले. पलटणीत पाच जाँ आणि सहा पिएर असले की हाक मारणार कशी? म्हणून लाफ्लर (फूल), लाव्हिओलेत, जोलिकर (भल्या मनाचा), सांसूसी (निश्चिंत), लालिबेर्ते, आणि लाफोंतेन. एका कंपनीतला लाफोंतेन आणि दुसऱ्या कंपनीतला लाफोंतेन यांचं नातं फक्त हजेरीपटावरचं. पुढे काही घरांनी मूळ आडनाव ठेवलं, काहींनी ऊर्फ ठेवलं, आणि एकाच बापाची दोन मुलं दोन आडनावांनी जगली असंही झालं. पेशव्यांचं मूळ आडनाव भट हे आपल्याला शाळेत शिकवतात म्हणून त्यात नवल वाटत नाही. तसंच हे. म्हणजे क्वेबेकमधल्या दोन लाफोंतेन कुटुंबांची मूळ आडनावं सर्वस्वी वेगळी असू शकतात, आणि एकोणिसाव्या शतकात गिरणीकामासाठी अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडला गेलेल्यांनी तर 'फाउंटन' करून टाकलं. वंशावळ शोधणाऱ्याला यापुढे काय काय सोसावं लागतं ते विचारू नका.

या पद्धतीचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे कॅनडाचा राजकारणी लुई-इपोलीत लाफोंतेन (१८०७ ते १८६४). त्याचं घराणं मेनार दी लाफोंतेन, म्हणजे मूळ आडनाव मेनार. १८४० च्या कायद्याने प्रामुख्याने इंग्रजीभाषक 'वरचा' आणि फ्रेंचभाषक 'खालचा' कॅनडा एकत्र केले आणि विधिमंडळाच्या दप्तराची भाषा फक्त इंग्रजी ठरवली. १८४२ मध्ये सभागृहात त्याला इंग्रजीत बोला म्हटलं गेलं, तेव्हा तो आपल्या मातृभाषेत, फ्रेंचमध्येच बोलला. त्याचा साथी होता इंग्रजीभाषक रॉबर्ट बाल्डविन. लाफोंतेनची स्वतःच्या मतदारसंघात कोंडी झाली तेव्हा बाल्डविनने त्याला इंग्रजी बहुसंख्येच्या यॉर्कमधून निवडून आणलं, आणि बाल्डविन पडला तेव्हा लाफोंतेनच्या बाजूच्या लोकांनी त्याला फ्रेंचभाषक रिमूस्कीतून निवडून दिलं. १८४८ मध्ये दोघांचं जबाबदार, म्हणजे विधिमंडळाला उत्तरदायी, सरकार आलं. १८४९ मध्ये, १८३७-३८ च्या बंडातल्या नुकसानभरपाईच्या विधेयकावरून जमावाने माँत्रिएलमधली संसदेची इमारत जाळली, पण विधेयक टिकलं. तुमच्या यादीतली ही नोंद चार ओळींची आहे, ती वाढवा.

याच्या नावाने माँत्रिएलमध्ये मोठं उद्यान आहे, १९०१ पासून. उद्यानात तळी आहेत आणि तळ्यात कारंजं आहे. साहजिकच पर्यटकांना वाटतं नाव कारंज्यावरून पडलं. माझ्या एका विद्यार्थ्याने प्रवासवर्णनात 'कारंजा उद्यान' असंच लिहून आणलं होतं. नदीखालून जाणाऱ्या १९६७ च्या बोगद्यालाही याच लाफोंतेनचं नाव आहे, तिथे निदान कारंज्याचा गोंधळ होत नाही.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं ला फोंटेन गाव तर अगदी वेगळ्या वाटेने आलं. ते आहे मायामी जमातीच्या फ्रान्सिस ला फोंटेन या प्रमुखाच्या नावावरून. त्याचं जमातीतलं नाव तोपीया. फ्रेंच व्यापाऱ्यांचं रक्त घरात होतं म्हणून आडनाव फ्रेंच. १८४६ मध्ये त्याच्या लोकांना सरकारने कॅन्ससकडे हलवलं, तो त्यांना सोडून परत येताना १८४७ मध्ये वाटेतच वारला. नकाशावर फ्रेंच नाव दिसलं म्हणून 'फ्रेंच वसाहत' असं लिहून मोकळं होऊ नका. हीच खबरदारी फिल फोंटेन यांच्याबाबतीत. आडनाव फ्रेंच, माणूस कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या सागकींगचा, ओजिब्वे या आदिवासी जमातीचा. १९९७ ते २००० आणि २००३ ते २००९ अशा दोन खेपांना ते कॅनडाच्या आदिवासी राष्ट्रांच्या परिषदेचे राष्ट्रीय प्रमुख होते. आदिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळेत स्वतःवर झालेल्या अत्याचारांबद्दल त्यांनी १९९० मध्ये जाहीरपणे तोंड उघडलं, आणि २००८ मध्ये पंतप्रधानांनी या शाळांबद्दल संसदेत माफी मागितली तेव्हा ते सभागृहात हजर होते.

बाकीच्यांना भराभर उरकते. नटी जोन फोंटेनचा या आडनावाशी रक्ताचा संबंधच नाही. जन्म १९१७ चा, टोकियोतला, जन्मनाव द हॅविलंड. सख्खी बहीण ऑलिव्हिया त्या नावाने चमकत होती, म्हणून हिने सावत्र वडिलांचं आडनाव पडद्यासाठी घेतलं. जुस्त फोंतेन: १९३३ मध्ये मराकेशला जन्म, २०२३ मध्ये मृत्यू, १९५८ च्या एकाच विश्वचषकात ६ सामन्यांत १३ गोल, तेही संघातल्या मित्राचे बूट घालून. हा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. पिएर फोंतेन (१७६२ ते १८५३) हा नेपोलियनचा वास्तुविशारद, जोडीदार पेर्सिए. पॅट लाफॉन्टेन अमेरिकी आइस हॉकीपटू, डॉन लाफॉन्टेन (१९४० ते २००८) चित्रपटांच्या जाहिरातींमागचा खर्जातला आवाज. या दोघांचं नाव अमेरिकी वळणाने 'फॉन्टेन' असंच लिहा, फ्रेंच करू नका.

गावांबद्दल. फोंतेन नावाची नुसती वा जोडनावाची गावं फ्रान्स-बेल्जियममध्ये ढिगाने आहेत. कोशाला दोन पुरेत. फोंतेन-द-व्होक्लूज इथे कड्याच्या पायथ्याशी फ्रान्समधला सगळ्यांत मोठा झरा आहे. १९८५ मध्ये त्यात उतरवलेल्या यंत्राला ३०८ मीटरवर तळ लागला. अशा प्रकारच्या झऱ्यांना भूगर्भशास्त्रात 'व्होक्लूजी' म्हणतात. या गावाचं नाव १९४६ पर्यंत नुसतं व्होक्लूज होतं, म्हणजे 'बंद दरी'. दुसरं फोंतेनब्लो. 'बेल ओ', म्हणजे सुंदर पाण्याचा झरा, ही व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे आणि खोटी आहे. मागचा भाग ब्लिओ की ब्लो अशा कुणा व्यक्तीच्या नावावरून आला. राजाच्या हरवलेल्या कुत्र्याने तो झरा शोधला आणि कुत्र्याचंच नाव ब्लिओ, ही दंतकथाही आहे. कारंजा लाडला करंज ऋषींची कथा आहे तशी.

आणि पॅरिसचे पत्ते जपून. सोळाव्या विभागात ओतेय भागातला 'र्‍यू द ला फोंतेन' हा रस्ता खरोखरच तिथल्या झऱ्यावरून नाव मिळालेला होता. पुढे १८६५ मध्ये तो कवीच्या नावाने केला. तेव्हा १८६५ च्या आधीचा पत्ता असेल तर 'झऱ्याचा रस्ता', नंतरचा असेल तर कवीचा. मार्सेल प्रूस्त १८७१ मध्ये याच रस्त्यावर जन्मला, म्हणजे त्याच्या जन्मापर्यंत रस्ता कवीचा झालेला होता. नवव्या विभागात 'र्‍यू फोंतेन' वेगळा, तो नेपोलियनच्या वास्तुविशारदाचा.

'ल' की 'फ'? फ्रेंच ग्रंथालयांचा नियम असा: 'द' हा नुसता विभक्तीसारखा शब्द, तो नावाबरोबर मागे जातो. 'ला' आडनावाचा भाग, तो पुढे राहतो. म्हणून 'ला फोंतेन, जाँ द'. जोडून लिहिलेलं लाफोंतेनही साहजिकच 'ल'त. देलाफोंतेन जोडून आलं तर 'द'त. फोंतेन, फोंटेन, फोंटाने 'फ'त. मराठी वर्णक्रमात ही तीन रूपं एकमेकांपासून दूर पडतील, तेव्हा 'फोंतेन'खाली 'पाहा' म्हणून बाकीची रूपं द्या.

या नियमांवर ज्याने जन्म घालवला असाही एक ला फोंतेन आहे आणि तुमच्या यादीत तो नाही, हे मला खटकलं. आँरी ला फोंतेन, बेल्जियन कायदेपंडित आणि समाजवादी सेनेटर, जन्म १८५४, मृत्यू १९४३. १९१३ चं शांततेचं नोबेल त्याचं. १९०७ पासून मरेपर्यंत तो आंतरराष्ट्रीय शांतता कचेरीचा अध्यक्ष होता. पण मला तो प्रिय आहे दुसऱ्या कारणासाठी. १८९५ मध्ये त्याने आणि पोल ओत्ले याने ब्रसेल्समध्ये जगातल्या यच्चयावत छापील मजकुराची सूची करायला घेतली. खणांत कार्डं साठत गेली, एक कोटीच्या पुढे. त्यासाठी पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्युईच्या दशांश पद्धतीवरून त्यांनी वैश्विक दशांश वर्गीकरण बेतलं, जे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या ग्रंथालयांत आजही चालतं. मराठी साहित्याच्या पुस्तकाच्या कण्यावर ८९१.४६ हा आकडा पाहिला असेल, तो ड्युईचा. त्या झाडाची ही फांदी. उरलेली कार्डं आज बेल्जियमच्या माँस शहरात जपलेली आहेत.

शेवटी गोवा. पोर्तुगीजमध्ये 'फोन्ते' म्हणजे झरा, आणि फोंतेन्हास म्हणजे लहान लहान झरे. पणजीत आल्तिनोच्या टेकडीच्या पायथ्याशी झरे आहेत, मळा नावाच्या भागातला फोन्ते फेनिक्स त्यातला प्रसिद्ध. त्यावरून त्या वस्तीचं नाव. फ्रेंच फोंतेन आणि हे, दोन्ही एका लॅटिन शब्दाची नातवंडं. पण गोव्यात याहून घरोघरी पोचलेला नातेवाईक वेगळाच आहे: फोन्सेका. 'फोन्ते सेका', म्हणजे आटलेला झरा. हे आधी पोर्तुगालमधल्या जागेचं नाव, मग आडनाव, आणि गोव्यात ते धर्मांतराच्या वेळी पाद्र्याच्या किंवा धर्मपित्याच्या आडनावावरून घरांना लागलं. दोन गोंयकार फोन्सेकांच्या घरांचं मूळ एक असेलच असं नाही, हे आता तुम्हाला सांगायला नको. यादीत आंजेलो द फोन्सेका (१९०२ ते १९६७) घाला. सांतू इस्तेव्हांव बेटावर जन्मलेला, शांतिनिकेतनात शिकलेला हा चित्रकार पुढे पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिला आणि त्याने साडी नेसलेली मेरी रंगवली. त्याची नोंद 'फ'तच. पोर्तुगीज 'द'ही मागे जातो: 'फोन्सेका, आंजेलो द'.